एरंडेलावर चाललेले ट्रक

स्वातंत्र्य मिळून थोडाच काळ झाला होता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कलकत्त्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले. मोटारीच्या इंजिनात धातूवर धातू घासतो. तो कमीत कमी झिजावा म्हणून कुठलं तेल घालावं, हे शोधणं आमचं काम. चांगलं इंजिन ऑइल तेव्हा परदेशातून यायचं. आमच्या विभागाचे प्रमुख, माझे सर, बंगाली होते. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे एरंडेल मुबलक आहे, त्यावर प्रक्रिया करून ते खनिज तेलात मिसळू या. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "एरंडेल पोरांना पाजतात गं. मोटारींचं पोट कशाला साफ करतेस?"

काही वर्षांच्या खटपटीनंतर तेल चाचणीच्या यंत्रावर उत्तम उतरलं. पण खऱ्या गाडीत घालून बघायला गाडी द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेला एक मराठी कॅप्टन भेटला. सैन्याच्या गाड्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याने वरची परवानगी काढून बराकपूरच्या छावणीतले दोन ट्रक आम्हाला मिळवून दिले.

सर आणि मी सियालदहहून गाडी पकडून बराकपूरला जायचो, इंजिनातलं तेल काढून तपासायला आणायचो. कॅप्टन पुण्याचा. माझं कलकत्त्यात वाढलेलं मराठी ऐकून त्याला मजा वाटे. एकदा मी त्याला विचारलं, "पाणी खाणार का?" बंगालीत तसंच म्हणतात. तो म्हणाला, "खातो की, जरा चावून!" रविवारी तो भवानीपूरला आमच्या घरी येऊ लागला. आईच्या मनात काय आहे ते मला कळत होतं, आणि मला ते नको होतं असं नाही.

उन्हाळाभर ट्रक उत्तम चालले. मग ते वापरणारी तुकडी दुसरीकडे गेली आणि पावसाळ्यात ट्रक नुसते उभे राहिले. परत सुरू करायला गेले तर एकाचं इंजिन फिरेचना. कॅप्टनने आम्हाला बोलावून घेतलं. इंजिन उघडून ठेवलं होतं. पिस्टनच्या कड्या खाचांमध्ये घट्ट बसल्या होत्या आणि सगळीकडे तपकिरी चिकटा धरला होता. एरंडेल तापून मग पडून राहिलं की असं होतं. तो दोष आपण घालवला, अशी आमची समजूत होती.

"अहवाल इतक्यात देऊ नका," मी म्हणाले. "आम्हाला थोडी मुदत द्या. आम्ही यावर उपाय काढू."

"ट्रक माझ्या घरचे नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "उद्या हाच ट्रक डोंगरात बंद पडला तर आत माणसं असतील. जे दिसलं ते लिहावंच लागेल."

त्याने लिहिलं. आमचं काम बंद झालं. सरांना बाहेरून आलेल्या तेलाचे नमुने तपासत बसण्याचं काम मिळालं. ते स्वतः म्हणाले, "त्याने बरोबरच लिहिलं." मलाही ते पटत होतं, तरी राग जाईना.

थोड्याच दिवसांत कॅप्टनची बदली झाली. निरोप घ्यायला तो घरी आला आणि आई-बाबांच्या देखतच त्याने मला विचारलं, माझ्याबरोबर येशील का. पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला.

"हे काम असं अर्धवट टाकून कशी येऊ?" मी म्हणाले. "पुन्हा सुरू होऊ दे, मग सांगते."

"आणि नाहीच झालं तर?"

आई उठून आत गेली. तो जिना उतरेपर्यंत मी जागेवरून हलले नाही.

काम पुन्हा सुरू झालं, पण फार उशिरा, आणि तेही माझ्या इतर कामांतून सवड काढून. चिकटा धरू न देणारं एक रसायन अखेर सापडलं. तोवर देशात नव्या रिफायनऱ्या निघाल्या होत्या, एरंडेलाची कोणाला गरज उरली नव्हती. कॅप्टनचं लग्न झाल्याचं आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत कोणीतरी सहज सांगितलं. मी त्या वेळी पानं वाढत होते. वाढत राहिले.

सर निवृत्त होऊन चंदननगरला राहत होते. मी त्यांना निकाल सांगायला गेले. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, "तो कॅप्टन कुठे असतो?"

"संसारात आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्याने विचारल्याचं तू मला सांगितलंस, तेव्हा मी तुला जा म्हणायला हवं होतं. काम कसलं, ते तर बंदच पडलं होतं. पण तू गेली असतीस तर त्या खोलीत मी एकटाच उरलो असतो."

त्यांच्या सुनेने चहा आणला. सरांनी विचारलं, रसायन किती तापमानाला मिसळलंस? मी सांगू लागले, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.