नुसती गुणगुणणारी पेटी

मामा तीस वर्षे एकाच लेथवर उभे राहिले. कारखाना त्यांच्या मेहुण्यांनी काढलेला होता. मेहुण्यांच्या पश्चात भाचा तो पाहत असे. यंत्रे तीनच होती आणि त्यांतले सर्वांत जुने मामांचे होते. संध्याकाळी पाठ सरळ करण्यासाठी त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागे. तरीही विनाकारण चालू राहिलेला प्रत्येक खटका ते स्वतः बंद करीत.

वीजबिलात दंडाची एक ओळ दरमहा येऊ लागली. तेव्हा भाच्याने वायरमनच्या सल्ल्याने भिंतीवर कपॅसिटरची करडी पेटी बसवून घेतली. पुढील दोन बिलांतही दंड तेवढाच आला.

भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या लेथची मोटर जुनी झाली. तीच आपल्याला खाते आहे. शनिवारी गिऱ्हाईक बघायला येतंय."

लेथ गेला म्हणजे आपणही घरी बसणार, हे मामांना उमगले. नवे यंत्र शिकण्याचे त्राण अंगात उरले नव्हते.

शुक्रवारी भाच्याने वायरमनला बोलावले. वायरमनने येताच पेटीला हात लावला.

"भर दुपारी तिन्ही मोटरी चालू, आणि ही थंडगार? खटका कुणी पाडला?"

मामांनी हातातले फडके खाली ठेवले. "मी. रोज सकाळी हा चालू करतो, मी पाडतो. ती फिरत नाही, कापत नाही, उजेड देत नाही. नुसती गुणगुणते. म्हटलं, फुकट वीज जाते."

"अहो, मोटरीला कामाच्या विजेखेरीज आणखी एक वीज लागते. ती तारेतून नुसती ये-जा करते. ती बाहेरून मागवली की दंड. ही पेटी ती इथल्या इथे पुरवते. मोटरी चालू तेव्हा ही चालू, मोटरी थांबल्या की ही बंद."

भाचा स्टुलावर बसला. "दोन महिने मी मोटरीला शिव्या घालतोय."

"मला घाल."

"तुम्हाला घातल्या तर आई मला जेवायला वाढणार नाही."

मग त्याने फोन काढला आणि पुढचे बिल पाहून कळवतो, उद्या येऊ नका, असे गिऱ्हाइकाला सांगितले. "आणि मामा, त्या पेटीकडे बघूसुद्धा नका."

"बघेन. हात लावणार नाही."

संध्याकाळी मामांनी सगळे खटके बंद केले. पेटीपाशी येऊन ते थांबले, भिंतीला टेकले आणि भाच्याला हाक मारून म्हणाले, "हिला तू बंद कर."