पुष्पाची वीत

पुष्पे, फोन कानाला लाव, समज माझ्याजवळच बसली, आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. फोनवरच्या आपल्या क्रोशाच्या ग्रुपमधून काल न सांगता निघून काऊन गेली व तू? पांढुर्ण्याच्या त्या नव्या सुनेनं नुसतं लिहिलं, 'जुनी पट्टी पुष्पाकाकूंनी हरवली म्हणतात,' आणि तू एक अक्षर न बोलता बाहेर. चाळीस वर्षं तू हेच करून राहिली. आता पुरे.

सौंसरचा बसस्टँड आठव. चौऱ्याऐंशीची होळी नुकतीच झालेली, टपावर संत्र्याच्या पेट्या चढत होत्या, आणि मी नवी नवरी भिलाईला निघालेली. मांडीवर आपली कापडी पिशवी. मायनं घरून निघतानाच बजावलं होतं, "पिशवी पुष्पाच्या हाती देजो, मंग बसमध्ये चढजो." कारण पुढची पाळी तुझी होती.

या नव्या पोरींना वाटते, ग्रुप फोनमुळे झाला. आपला ग्रुप त्या पिशवीत होता. आत क्रोशाची एकच लांब पट्टी. जिच्याकडे पिशवी येईल तिनं आपल्या मनाचा नमुना एक वीत विणायचा आणि पुढचीकडे पाठवायची. सौंसर, रामाकोना, पांढुर्णा, कोणी माहेरी निघालं की पिशवी निघायची. नियम एकच, दुसरीचं विणलेलं उसवायचं नाही. रामाकोन्याच्या मास्तरीणबाई टाक्यांचे खांब मोजायला चुकल्या, मधे भोक पडलं, तर पुढच्या तिघींनी तोच नमुना समजून मन लावून तशीच भोकं पाडली. तू तर त्याला 'मास्तरीणबाईची खिडकी' नाव देऊन टाकलं. बाई वर्षभर तुझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढे भिलाईत मी सगळ्यांना सांगितलं, पुष्पाला यायला उशीर झाला, बस सुटली. खोटं होतं ते. तू चपला हातात घेऊन धावत येताना मला खिडकीतून दिसली होती. मी पिशवीवर पदर ओढला. जिथं मला ओळखणारं कोणी नाही तिथं चालली होती, आणि तुम्ही सगळ्या त्या पिशवीत होत्या. तू खिडकीशी आली, पदराकडे पाहिलं आणि म्हणाली, "नीट जा व."

भिलाईच्या क्वार्टरमध्ये शेजारी तेलुगू, समोर बंगाली, खाली छत्तीसगढी. मला हिंदी यायची ती आपल्या बाजाराची. दुपारी पायरीवर पट्टी घेऊन बसायची. शेजारच्या लक्ष्मीनं बोटानं पट्टीतली ती खिडकी दाखवली, "ये कैसे?" मी म्हटलं, "गलती से." तिथून बोलणं सुरू झालं, आणि दोन महिन्यांत पायरीवर सहा जणी बसू लागल्या. माझं बस्तान पट्टीनं बसवलं, आणि तिकडे तुमचं मोडलं. पट्टीच नाही तर पाठवायचं काय? कोणी दोऱ्यांना गाठी मारून मॅक्रमेची झुंबरं बांधत सुटली, कोणी टीव्हीपुढे बसली. माझ्या बहिणीचं पत्र आलं, 'पुष्पा सांगते, पिशवी तिला भेटली होती, तिच्याच हातून बसमध्ये राहिली.' ते पत्र वाचून मी दोनदा पार्सल बांधलं, दोनदा सोडलं. तू माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ते खपवून घेतलं.

इथली पायरीही आता रिकामी आहे. लक्ष्मी मुलाकडे गेली, बाकीच्या पांगल्या. असे ग्रुप होतात, मोडतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुझ्या नावावर हा मोडला, ते मी राहू देणार नाही. आज सकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं, वर पट्टीचा फोटो टाकला. सुनेनं तुझी माफी मागितली. मास्तरीणबाई नव्वदीला टेकल्या, त्यांच्या नातीनं लिहिलं, 'आजी विचारते, ती खिडकी अजून आहे का?'

आहे. लक्ष्मीलाही मी पट्टीवर कधी विणू दिलं नाही. माझ्या विणीपुढे टोक मोकळंच आहे, तुझ्या वितीसाठी. पोस्टानं पाठवणार नाही. ज्या हातात द्यायची होती त्याच हातात देईन. मीच आली असती, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मला अजून जिना उतरू देत नाहीत. तू नागपूरहून गाडीत बस, माझी लेक स्टेशनवर घ्यायला येईल. सूत आणून ठेवलं आहे, तेच पांढरं. लवकर ये, पुष्पे, आणि सुई तुझी आणजो.