डॉक्टरांच्या पुड्या

इमारतीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, आणि या एका हाकेवर ते जगत होते असं म्हटलं तरी चालेल. प्रत्यक्षात त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला. मुलाने दुकान विकलं, डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटा तेवढा उरला. मग हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी माणसं दुरुस्तीला घेतली.

औषधांचा पुरवठा शेजारपाजारचाच. कुणाचा ताप उतरला की हे दारात हजर. "उरल्या असतील ना दोन-चार गोळ्या? टाकू नका, माझ्याकडे द्या." कुणी वारलं तर भेटायला जात, डोळे टिपत, आणि चप्पल घालता घालता उरलेल्या औषधांची हळूच चौकशी करत. सगळा ऐवज बिस्किटांच्या डब्यात. त्यांचं शास्त्र सुटसुटीत होतं: पांढरी डोक्याला, पिवळी पोटाला, लाल अशक्तपणाला. तारीख उलटल्याचं कुणी दाखवलंच तर म्हणत, "घड्याळ काय गॅरंटी संपली की बंद पडतं?"

गोळी देत ती कागदाच्या पुडीत. बारीक स्क्रू सांडू नयेत म्हणून घड्याळजी घालतात तशी तिरकी घडी, टोक आत खोचलेलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारणा, "काय, उतार पडला?" आणि समोरून न चुकता उत्तर, "एकदम झकास, डॉक्टर." बायकोच्या गुडघ्यांवरही त्यांचाच इलाज चालू होता.

अशा भरभराटीत कोपऱ्यावरच्या मेडिकलवालीने जिन्याखाली एक कुलूपबंद पेटी आणून ठेवली. नको असलेली, तारीख उलटलेली औषधं यात टाका. केरात नको, मोरीत नको. आम्ही नेऊन रीतसर नष्ट करू. डॉक्टरांचं धाबं दणाणलं. सगळं पेटीत गेलं तर डब्यात काय येणार? आणि डबा रिकामा झाला की यांना डॉक्टर कोण म्हणणार?

"चांगली औषधं जाळायला नेणार," ते बायकोला म्हणाले. "लोकांनी अक्कल गहाण टाकलीय."

"हं," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती.

पेटी मात्र भराभर भरू लागली. येता-जाता लोक काहीतरी टाकत, आणि डॉक्टर दिसले की उगाच छताकडे बघत. शेवटी एका दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झालेली पाहून, डॉक्टर चिमटा घेऊन खाली उतरले. औषधं वाचवायचीच होती. जन्मभर मनगटी घड्याळांची पोटं उघडलेल्या माणसाला ते कुलूप म्हणजे डाव्या हाताचा मळ.

झाकण उघडलं. वर दोन बाटल्या, एक मलम. खाली सगळ्या पुड्या. तिरकी घडी, टोक आत खोचलेलं. एकही उघडलेली नव्हती.

तळमजल्यावरच्या बाईंची डोकेदुखी, वकिलांचं पित्त, वरच्या आजोबांची धडधड, सगळे आजार जसेच्या तसे परत आले होते. डॉक्टर तिथेच पायरीवर बसले. इतकं वाईट त्यांना दुकान विकलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. बायको उतरत होती, एका हाताने कठडा धरून. दुसऱ्या हातातल्या पिशवीत सुट्या गोळ्या खुळखुळत होत्या.

"अगं, तुझे गुडघे तर माझ्या गोळ्यांनी बरे झाले होते."

"चालून चालून बरे झाले. तुमच्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचे, गोळी मुठीतच राहायची. पिठाच्या डब्यामागे साठवल्यात. टाकायच्या कुठे कळत नव्हतं, आता पेटी आली."

"मग हे सगळे झकास, झकास म्हणत होते ते?"

"दुकान गेल्यावर तुमचं तोंड बघवत नव्हतं कुणाला."

"एकाने तरी घ्यायची."

"घेतली असती, तर तुम्हाला डॉक्टर म्हणायला उरलं कोण असतं?"

ते उठून वर गेले, बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि पेटीत उपडा केला. कुलूप लावताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "पण डॉक्टर म्हणतील ना अजून?"

"म्हणतील की," पिशवी झटकत बायको म्हणाली. "आता तर बिनघोर म्हणतील."