अंतरपाटाला चिकटलेली मावशी

माझ्या भाचीने तिच्या लग्नात पहिला हार माझ्या गळ्यात घातला. नवरामुलगा समोरच उभा होता, मान वाकवून.

याचं मूळ तळेगावच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. तिथे मी कापडावर कापड रचून चित्रं करते. ऑर्गंडी, नेट, जुन्या ओढण्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी चिकट जाळी घालायची आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. जाळी वितळते, थर एकमेकांना धरतात आणि हळूहळू धुक्यातला डोंगर दिसायला लागतो. (मला दिसतो. आमच्या ह्यांना मच्छरदाणी दिसते. त्यांचा एक रुमाल माझ्या धबधब्यात कायमचा गेलाय, त्याचा राग असेल.) इस्त्री फिरवताना माझी अशी काही तंद्री लागते, की दारावरची बेल मला शेजाऱ्यांची वाटते.

ऋतुजा ही माझ्या ताईची मुलगी. ताई आता नाही. तिची एक धुरकट निळी रेशमी साडी होती. विरत विरत तिचा पदर तेवढा उरला होता. लग्न ठरल्यावर ऋतुजा तो घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या अंतरपाटात आईला घे. म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना ती माझ्या अगदी समोर असेल."

मी जीव ओतून तो अंतरपाट केला. ताईच्या पदराचं आभाळ, खाली मावळातले डोंगर, वर पांढऱ्या नेटचं धुकं. इतका सुंदर झाला, की मीच पुन्हा पुन्हा उठून बघत होते.

लग्न लोणावळ्याला. तिथली दमट हवा माझ्या हिशेबात नव्हती. कार्यालयात घडी उलगडली तर एका टोकाला थर सुटलेले! मुहूर्ताला अजून वेळ होता. मी खोलीतल्या टेबलावर अंतरपाट पसरला, सुटलेल्या थरांत नवी जाळी सरकवली आणि इस्त्री लावली. खिडकीबाहेर धुकं दरीतून वर येत होतं. ताई आणि मी लहानपणी अशाच धुक्यात एकमेकींना हाका मारत हरवायचो, ते आठवलं. इस्त्री फिरत राहिली, मी धुक्यात फिरत राहिले. भानावर येऊन सरळ उभी राहिले, तर अंतरपाटही माझ्याबरोबर उठला. माझ्या पदराचं टोक त्याच्या दोन थरांमध्ये पक्कं बसलं होतं.

तसं यात काही घाबरण्यासारखं नव्हतं. पुन्हा गरम केलं की जाळी सुटते. मी इस्त्री उचलली आणि लाइट गेली. जनरेटर होता, पण तो हॉलपुरता.

तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या आत्या बोलवायला आल्या. वडगावजवळच्या, शेतकरी घरातल्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी मला खालीवर पाहिलं.

"ताई, ह्ये शिवलंय का काय?"

"चिकटलंय."

"मंग कापा की. मुहूर्त टळंल."

कापायचं काय, हा प्रश्न होता. अंतरपाट कापला तर ताईचा पदर जाणार. माझ्या अंगावरची पैठणी कापावी, तर ती जाऊबाईंची! त्या मागेच उभ्या होत्या. दोन्ही वाचवायचं तर अंतरपाटाबरोबर मला जावं लागणार होतं.

मी गेले. उत्तरेचं टोक गुरुजींच्या हातात, दक्षिणेचं माझ्या. मामांना बाजूला करून मी धरलंय म्हणून कुजबुज झाली. मंगलाष्टकं सुरू झाली तसं माझं चित्त पुन्हा उडालं. मागून उजेड आला आणि ताईचं आभाळ निळंभोर उजळलं. पलीकडे ऋतुजा डोळे मिटून उभी होती. ताई असती तर काय रडली असती, या विचारात मी टोक घट्ट धरूनच राहिले.

शेवटचं 'सावधान' झालं. सगळ्या कार्यालयात सावध नव्हते ती एकटी मी. गुरुजींनी अंतरपाट झटक्यात आपल्याकडे ओढला, त्याच्यामागे मी ओढली गेले आणि बरोबर वधूवरांच्या मध्ये येऊन थांबले. ऋतुजाने मिटल्या डोळ्यांनीच हार घातला.

"आगं बया, पोरीनं मावशीलाच माळ घातली की!" आत्या म्हणाल्या.

ऋतुजाने डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग माझ्या पदराला लटकणारं ते निळं आभाळ. ती खदाखदा हसली आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "असू दे मावशी. आईचा मान आधी," एवढंच म्हणाली. मग तोच हार माझ्या गळ्यातून निघून जावयाच्या गळ्यात गेला. बिचाऱ्याची मान अजून वाकलेलीच होती.

लाइट आल्यावर मी सुटले. पैठणीच्या मोरावर मात्र ताईच्या साडीचा निळा तंतू राहिला. मी तो खरवडायला लागले तर जाऊबाईंनी माझा हात धरला. "राहू दे गं," म्हणाल्या.

परवा त्या आत्यांचा फोन आला. त्यांच्या लेकीचं ठरलंय आणि त्यांना तस्साच अंतरपाट हवाय. मी हरखून गेले. रंग कुठले घेऊ, डोंगर कुठला काढू, विचारत सुटले.

"तुमाला वाटंल त्यो काढा," आत्या म्हणाल्या. "लय ग्वाड झालता मागचा. फकस्त ह्या टायमाला अंतरपाट आदी पाठवा, आन तुमी डायरेक जेवायलाच या."