ॲग्नेस पिलिंगचे नाक

ब्रॅकनशॉच्या नगरभवनात आरोग्य खात्याच्या तीन खोल्या होत्या. त्यांच्या आणि सभागृहाच्या फरश्या पुसणारी ॲग्नेस पिलिंग ही कागदोपत्री खात्याच्या अगदी तळाच्या पायरीवर होती. पण ती आल्याशिवाय निरीक्षक लोमॅक्ससाहेब कुठल्याही गटाराच्या तपासणीला निघत नसत, हे साऱ्या गावाला माहीत होते.

त्याचे कारण लोमॅक्ससाहेबांची चिलीम. चाळीस वर्षे ती ओढून त्यांच्या नाकाचा नुसता दांडा उरला होता. आणि गटार फुटलेय की नाही, हे त्या काळी वासावरून ओळखत. गटाराच्या रस्त्यावरच्या तोंडातून पेपरमिंटचे तेल आणि वर उकळते पाणी ओतायचे. मग घरात जाऊन वास घ्यायचा. जिथे पेपरमिंट दरवळेल, तिथे गटाराचा नळ फुटलेला. मात्र ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या बाह्यांनाच वास असतो. आत जायचे ते दुसऱ्याने, कोऱ्या नाकाने. साहेबांचा मदतनीस नोकरी सोडून गेला, तेव्हा त्यांनी फरशी पुसणाऱ्या ॲग्नेसलाच हाक मारली. ती एका घराच्या उंबऱ्यावर क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "मोरीत नाही, साहेब. जिन्याखाली." जिन्याखाली खणले, तर खरेच.

देवाने तिचे एक घेऊन दुसरे दिले होते. कापडगिरणीत बावीस वर्षे मागावर काढून तिचे कान अधू झाले होते. मागखात्यात इतका खडखडाट की आवाजाने बोलणे फुकट. तिथल्या बायका ओठांनी बोलत. मोठ्याने नव्हे, मोठे करून. एकेक शब्द चेहऱ्यावर मांडून. ॲग्नेसच्या समोरच्या मागावर सिसी डकवर्थ असे. लग्ने, बाळंतपणे, ॲग्नेसचा नवरा जॅक लढाईत बोटीसकट समुद्रात बुडाल्याची बातमी, सारे त्या दोघींनी ओठांवरच एकमेकींना सांगितले होते.

पुढे सिसीने माग सोडला आणि किल्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उकडलेल्या काळ्या वाटाण्यांचे दुकान काढले. वाटाण्यावर व्हिनेगर, सोबत पाव. शनिवारी बाजारातून येणारा प्रत्येक जण तिथे थांबल्याशिवाय पुढे सरकत नसे.

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या ऑक्टोबरात त्याच गल्लीत विषमज्वराने अकरा मुले आडवी झाली. आरोग्याधिकारी डॉक्टर स्ट्रॅकन हे स्कॉटलंडचे, कडक आणि हुशार गृहस्थ. त्यांनी घरोघरी विचारले, तेव्हा अकरांपैकी नऊ जणांनी सिसीचे वाटाणे खाल्ले होते. मग त्यांनी सिसीला विचारले की तुम्हाला कधी हा ताप आला होता का. ती म्हणाली, हो, पंधराव्या वर्षी. संपले. या तापातून उठलेले एखादे माणूस जन्मभर जंतू बाळगते, स्वतः ठणठणीत राहते आणि दुसऱ्याला आजारी पाडते. तिच्या तपासण्या केल्या, त्या तिन्ही स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाचे जंतू रोज दिसतातच असे नाही. दुकानाला कुलूप लागले. शुक्रवारी समिती बसणार होती. समितीने मान डोलावली की सिसीला आयुष्यात पुन्हा कुणाच्या ताटात काही वाढता येणार नव्हते.

ॲग्नेस भेटायला गेली तेव्हा दुकानाच्या काचेवर कुणीतरी डांबर फासले होते.

"कशाला सांगितलंस गं त्यांना?" ॲग्नेसने विचारले.

"विचारलं म्हणून सांगितलं. पोरं आजारी आहेत, ॲग्नेस. खोटं बोलून काय करू?" सिसी म्हणाली. मग तिने आवाज बंद केला आणि मागावरच्यासारखे नुसत्या ओठांनी विचारले, 'मीच केलं असेल का गं हे?'

त्या प्रश्नाने ॲग्नेसची झोप उडवली. नऊ मुलांचे ठीक, पण उरलेली दोन? ती होलरॉइडच्या जुळ्या मुली. डॉक्टर धरून चालले होते की पोरींनी चोरून खाल्ले असणार. ॲग्नेस त्यांच्या आईकडे गेली. ती बाई ताडकन म्हणाली, "माझ्या पोरी रस्त्यावरचं तोंडात घालत नाहीत. घरचा पाव आणि फील्डनचं दूध, एवढ्यावर वाढल्यात." ॲग्नेस उरलेल्या नऊ घरांतही जाऊन आली. प्रत्येक दारात फील्डनचा दुधाचा लोटा होता.

हा दूधवाला अर्नेस्ट फील्डन म्हणजे चॅपलमधला, गावच्या प्रार्थनाघरातला, मोठा माणूस, सज्जन, दुधात थेंबभर पाणी न घालणारा. गल्लीतल्याच त्याच्या घराच्या तळघरात आजोबांच्या वेळची विहीर होती. पाणी थंडगार, म्हणून त्या पाण्याने तो दुधाचे कॅन विसळी. त्या विहिरीत गटार झिरपत असेल तर, असे ॲग्नेसने खात्यात बोलून दाखवले. डॉक्टर म्हणाले, दुधाचा नमुना घेतला होता, तो चांगला निघाला. लोमॅक्ससाहेब म्हणाले, मग गटाराचा वासही घेऊ. बऱ्याच हुज्जतीनंतर मंगळवारी एक तपासणी ठरली.

आणि मंगळवारी ती तपासणी पार आपटली.

मंगळवारी फील्डनच्या दिवाणखान्यात चॅपलच्या बायकांचे शिवणकाम असते, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. चॅपलची बाई आणि पेपरमिंटची गोळी यांची ताटातूट कधी होत नाही. प्रवचन लांबले की गोळी, शिवण लांबली की गोळी. ॲग्नेस आत शिरली तर सोळा बायकांचे सोळा गाल फुगलेले, आणि घर पेपरमिंटने नुसते घमघमत होते. मिसेस फील्डननी प्रेमाने डबी पुढे केली. "घ्या ना, मिसेस पिलिंग. बाहेर किती गारठा आहे."

दुपारपर्यंत गावभर हसे झाले. मटणवाल्याने लोमॅक्ससाहेबांना विचारले, "काय साहेब, गटार सापडलं की प्रवचन?" डॉक्टरांनी बजावले की आता पुरे, शुक्रवारी निकाल.

बुधवारभर ॲग्नेस फरशी पुसत होती आणि विचार करत होती. वास हवा, पण असा की जो त्या घरात कुणी कधी आणला नसेल. फील्डनचे घराणे तीन पिढ्या दारूबंदीची शपथ घेतलेले. नाताळच्या पुडिंगमध्येसुद्धा त्यांच्याकडे दारूऐवजी चहा घालत. विचार तिथपर्यंत पोहोचला आणि ॲग्नेसच्या हातातले फडके थांबले.

तिच्या कपाटात जॅकच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक बाटली होती. आरमारातली काळीशार रम. शेवटच्या सुट्टीत त्याने ती अर्धी संपवली आणि म्हणाला, उरलेली परत आल्यावर. नऊ वर्षे तिने बूच काढले नव्हते. कधी फार एकटे वाटले तर मोजा जवळ घेऊन बसायची, एवढेच.

तिने बाटली मोज्यासकट लोमॅक्ससाहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी बाटली पाहिली, मग तिच्याकडे पाहिले. "जॅकची?"

"त्याची माझ्यापेक्षा सिसीशीच जास्त थट्टा चालायची. तो नाही म्हणाला नसता," ती म्हणाली. "तुम्ही ओता. मी बुचाला हात लावणार नाही, मला आत जायचंय. आणि या वेळी डॉक्टरांनाही तळघरात उभं करा. मी सिसीची मैत्रीण. माझ्या एकटीच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार?"

डॉक्टर यायला तयार नव्हते. लोमॅक्ससाहेब निवृत्तीला आलेले, आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेले. त्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आला नाहीत, तर शुक्रवारी समितीपुढे मी सांगेन की आम्ही दुसऱ्यांदा बघितलंच नाही." डॉक्टरांनी टोपी उचलली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता फील्डनच्या तळघरात चार माणसे उभी राहिली: डॉक्टर, फील्डन, त्याची बायको आणि ॲग्नेस. बाहेर गल्लीच्या वरच्या टोकाला लोमॅक्ससाहेबांनी बाटली उपडी केली आणि मागोमाग तीन किटल्या उकळते पाणी सोडले. काय ओतले, ते त्यांच्याखेरीज फक्त ॲग्नेसला ठाऊक.

पाच मिनिटे गेली. फील्डन मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होता. डॉक्टरांनी घड्याळ काढले.

आणि तो आला. विहिरीच्या कठड्यामागून, दोन फरश्यांच्या फटीतून, हळूच, एखादा जुना नट बाजूच्या विंगेतून प्रवेश करतो तसा. ॲग्नेसला तो सगळ्यांच्या आधी कळला. नऊ वर्षांनी जॅक त्या तळघरात येऊन उभा होता. पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आपण बोललो की सारे वाया जाईल, हे तिला पक्के माहीत होते. बोलायचे दुसऱ्या कुणीतरी.

फील्डन नाक वर करून म्हणाला, "कुणी काकवी तापवतंय का?" बिचाऱ्याने उभ्या जन्मात रमचा वास घेतलेला नव्हता.

डॉक्टर झटकन वळले, गुडघे टेकून फटीशी वाकले. पण ते तोंड उघडणार, तोच मिसेस फील्डन बोलल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकवी नाही, अर्नेस्ट. रम आहे. माझ्या बापाच्या अंगाला शनिवारी हाच वास यायचा." त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "तुला कधी सांगितलं नाही मी."

फील्डनने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फरश्या उचला," डॉक्टर म्हणाले.

फरश्या उचलल्या, तर खाली गटाराचा सांधा उखडलेला, आणि घाण झिरपून विहिरीच्या भिंतीपर्यंत गेलेली. पाण्यात जंतू सापडले, तेच, मुलांच्या रक्तातले. ते जन्मभर बाळगणारा माणूस गल्लीच्या वरच्या ओळीतल्या घरात निघाला; त्याच्या तपासणीतही तेच जंतू. त्याचे नाव खात्याने कधी बाहेर पडू दिले नाही, आणि ॲग्नेसला ठाऊक असूनही ते तिच्या तोंडून कुणी ऐकले नाही. अकराच्या अकरा मुले उठून बसली. होलरॉइडच्या जुळ्यांना सगळ्यांत उशीर लागला, पण नाताळच्या आधी त्याही शाळेत एकमेकींना चिमटे काढत होत्या.

शुक्रवारी समितीपुढे डॉक्टर स्ट्रॅकन स्वतः उभे राहिले आणि म्हणाले की चूक माझी झाली, मिसेस डकवर्थ निर्दोष आहेत. मग, कुणी विचारले नसताना, सांगितले की गटार शोधले ते खात्यातल्या मिसेस पिलिंग यांनी. त्या सभागृहाची फरशी सहा वर्षे तिने पुसली होती. त्या दिवशी तिथे तिला खुर्ची मिळाली. फील्डनने विहीर स्वतःच्या हाताने बुजवली. रविवारी चॅपलमध्ये उभे राहून त्याने साऱ्या गल्लीची माफी मागितली.

पुढच्या शनिवारी सिसीचे दुकान उघडले. काचेवरचे डांबर आदल्या दिवशी कुणीतरी खरवडून काढले होते, बहुधा ज्यांनी फासले त्यांनीच. लोक आले, पण रस्त्यापलीकडे थबकले. पहिले कोण जाणार, हे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होता. तेवढ्यात गर्दीतून अर्नेस्ट फील्डन पुढे झाला, रविवारच्या कोटात, बायकोचा हात धरून. सिसीने दोन वाट्या भरल्या. फील्डनने तिथेच, साऱ्या गल्लीसमोर, शेवटचा वाटाणासुद्धा चमच्याने टिपून खाल्ला.

मग जी झुंबड उडाली, ती पार बाजाराच्या घड्याळापर्यंत.

ॲग्नेस रांगेच्या अगदी शेवटी होती. शंभर माणसांचा कालवा मध्ये, हाक मारून काही उपयोग नव्हता. सिसीने वाफेतून मान वर केली, तिला शोधले आणि मागावरच्यासारखे तोंडभर, बिनआवाजाचे विचारले, 'व्हिनेगर जास्त ना?'

'बुडवून दे,' ॲग्नेस ओठांनी म्हणाली.

'आणि जॅकला काय देऊ?'

ॲग्नेस हसली. रांग एक पाऊल पुढे सरकली, तशी तीही सरकली. 'त्याचं झालंय,' तिने सांगितले. 'उरलेली त्याने ढोसली, अख्ख्या गल्लीसोबत.'