चार सऱ्यांची हळद

ऐक गं, फोन नीट कानाशी धर. मोठ्यानं बोलायला मला आता घसा राहिला नाही. आणि आधी मला सांग, वस्तू विकत घेऊन झाल्यावर ती कशासाठी असते हे विचारायची रीत तू कुठून आणलीस? परवा फोनवर फोटो पाठवलास. वीतभर लाकडी मूठ, लोखंडाला एका बाजूला चपटं पातं, दुसऱ्या बाजूला तीन दाते. खाली लिहिलंस, "आजी, कुंड्यांसाठी मागवलंय. ह्यानं नक्की काय करायचं?" मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग तुझ्या आजोबांकडे बघितलं. ही खोड कोणाकडून आली ते तिथंच कळलं.

उत्तर देते, पण आधी हे ऐक. ह्यात तुझ्याच हळदीचा प्रश्न होता.

गेल्या वैशाखात तुझं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी फाल्गुनअखेरचा मुहूर्त धरला आणि सगळे हॉल, जेवण, कपडे असं बोलायला लागले. मी मात्र बोटांवर महिने मोजत होते. हळद म्हणजे आठ-नऊ महिन्यांचं पीक. लगेच लावली तर पौषाअखेर निघणार, मग उकडा, वाळवा, दळा. म्हणजे अगदी काठावर बसत होतं. माझं माहेर लासलगावच्या बाजूचं. सगळं शिवार कांद्याचं, पण विहिरीच्या कडेला हळदीची एक ओळ असायचीच, आणि ती घरच्या मुलींची. त्या ओळीतली हळद भाजीत घातली तर आई हातावर मारायची. तुझ्या आत्याच्या लग्नात आम्ही फ्लॅटमध्ये होतो. दुकानातून पुडी आणली, ती कसली कोण जाणे, आणि पोरगी फोटोत गेरू लावलेल्या भिंतीसारखी दिसते. अजून तो अल्बम आला की ती माझ्याकडे बघते. आता ह्या घरामागे चार सऱ्या निघतील एवढी जागा आहे. तेव्हा तुझ्या अंगाला लागेल ती हळद इथलीच असेल, असं मी जेवताना जाहीर केलं.

"पिकवू की आपण," तुझे आजोबा म्हणाले.

त्यात ते स्वतःलाही धरत होते. त्यांचा जन्म नाशकात आणि नोकरी कचेरीत. जमिनीचे कागद त्यांनी आयुष्यभर पाहिले. जमीन कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून फावडं घेऊन आले. "सगळ्यात मोठं घेतलंय," म्हणाले, "लवकर आटोपेल." आता आपल्या घरामागची जागा तुला माहीत आहे. बांधकामाचा राडारोडा, वर मुरूम, त्यावर उन्हाळा. पहिल्याच घावाला फावडं टणकन उडालं.

"अहो, फावड्यानं खणत नाहीत."

"मग फावड्यानं काय करतात?"

"खणलेलं ओढतात."

"आणि खणतात कशानं?"

"कुदळीनं."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुकानात जाताना मला विचारलंत का?"

मग मी स्वयंपाकघरातला दाखला देऊन समजवायला गेले. म्हटलं, "तुम्ही वरण कशानं वाढता? पळीनं. उलथन्यानं का नाही वाढत?"

"सांडतं."

"हं."

त्यांनी फावडं उलटंसुलटं करून बघितलं. "म्हणजे कुदळ ही पळी का?"

मी तो विषय सोडला. तुला सरळ सांगते. कुदळीचं पातं अरुंद, म्हणून सगळा जोर एका जागी उतरतो आणि कडक जमीन फुटते. फावड्याचं पातं रुंद, ते फुटलेली माती ओढायला, सरी काढायला, घमेलं भरायला. दगड लागला तर टिकाव. तो आम्ही समोर बांधकाम चालू होतं तिथून मागून आणला. असं करत चार सऱ्या झाल्या, शेणखत पडलं, हळदीचे गड्डे लावले. आजोबांनी ओळी सरळ याव्यात म्हणून दोरी बांधली होती. फूटपट्टीही आणली होती. ती मी काढून घेतली.

आषाढात तण आलं. हळदीचे कोंब बोटभर आणि तण वीतभर. आता कुदळ नको, फावडं तर नकोच. आता खुरपं. माझं माहेरचं खुरपं आहे, पातं झिजून निम्मं झालेलं, पण हाताला बसलेलं. खुरपणी बसूनच होते, कारण तण कुठं आणि रोप कुठं हे खाली बसल्याशिवाय दिसत नाही. मी पाट घेतला, बसले, आणि एक अख्खी सरी अशी स्वच्छ केली की आईनं शाबासकी दिली असती. मग उठायला गेले. गुडघे म्हणाले, आम्ही येत नाही.

"अहो," मी हाक मारली.

ते हातात पेपर घेऊन दारात आले. "काय झालं?"

"काही नाही. मला उठवा."

त्यांनी एक हात धरला, मग दोन धरले, मग आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली. खुर्चीला धरून मी कशीबशी उभी राहिले. ते खुरपं हातात फिरवून बघत म्हणाले, "वस्तू चांगली आहे. बसायची सोय उत्तम. उठायची सोय मात्र ठेवलेली नाही."

मला हसू आलं. पण तीन सऱ्या अजून तणाखाली होत्या. तण वर राहिलं असतं तर खाली हळद पोसली नसती, आणि पुन्हा तीच पुडी.

दोन दिवसांनी दारात टेम्पो थांबला. आजोबा पुढे ड्रायव्हरशेजारी. मागून काय उतरलं असेल? सायकल कोळपं. तू पाहिलं नसशील. सायकलचं एक चाक, मागे ढकलायला दोन दांडे, चाकामागे आडवं पातं. माणूस ढकलत नेतो आणि दोन ओळींमधलं तण मुळाशी कापलं जातं. वस्तूला नाव ठेवायला जागा नाही. भुईमुगात, सोयाबीनमध्ये एक माणूस चौघींचं काम करतो. फक्त त्याला पळायला शेत लागतं. आपल्याकडे पाच-सहा पावलांवर भिंत.

आजोबांनी पँट दुमडली, टोपी घातली आणि सुरुवात केली. पाच पावलं, भिंत. उचलून वळवलं. पाच पावलं, नळ. शेजारची बाई खिडकीत आली. "काका, घंटी बसवून घ्या. वळताना वाजवता येईल."

"बघतो," ते म्हणाले. त्यांना ती सूचना पटली होती.

मी पोळ्या टाकून बाहेर आले तेव्हा काम संपलं होतं. मधलं तण गेलं होतं, खरं आहे. पण प्रत्येक वळणावर ते धूड उचलताना पातं फिरलं होतं, आणि प्रत्येक सरीच्या दोन्ही टोकांची हळद आडवी पडली होती.

"मधली सगळी शाबूत आहेत," ते म्हणाले.

मी आत जाऊन पोळ्यांचा डबा बंद केला. आमच्या घरात मी बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू जातं.

दुपारी मी लवंडले. उठून पाहते तर आडवी पडलेली सगळी रोपं परत मातीत उभी. प्रत्येक रोपाला एक काडी, आणि काडीला बांधायला फायलीची लाल फीत. निवृत्तीला इतकी वर्षं झाली, ती फीत कुठून काढली ते मी विचारलं नाही. रोपांनीही कचेरीचा मान राखला. बरेच दिवस जागची हलली नाहीत, मग हळूच वाढायला लागली.

संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "मी विचार केला. चूक खुरप्याची नाही. चूक तुझ्या गुडघ्यांची आहे."

"मग गुडघे आणा दुकानातून."

"तेवढं नाही मिळत. खुरप्याला दांडा लावता येईल."

पहिला दांडा फरशी पुसायच्या मॉपचा. दुसऱ्याच ओढीला त्यानं मान टाकली. मग बांबू आणला, पण खुरप्याचं पातं बाजूला वळलेलं असतं, उभ्यानं ओढलं तर ते नुसतं मातीवरून घसरत होतं. शेवटी वणीच्या रस्त्याला एक लोहार बसतो, त्याच्याकडून पात्याची मान आपल्या दिशेनं वाकवून आणली. माझं माहेरचं खुरपं नाही हं, त्याला हात लावू दिला नाही. नवं आणायला लावलं.

आणि सांगते, जमलं. दोन ओळींच्या मधलं तण मी उभ्यानं ओढायला लागले. पण रोपाच्या गळ्याशी उभ्यानं जमत नाही, तिथं बसणंच भाग. तिथं आजोबा बसले. कचेरीत खुर्चीवर बसून बसून त्यांचे गुडघे जसेच्या तसे आहेत, कोऱ्या वहीसारखे. त्यांच्या हातात माझं जुनं खुरपं, माझ्या हातात बांबू, आणि मी वरून सांगतेय.

"ते लव्हाळं आहे. नुसतं ओढू नका, खालची गाठ राहते. टोक खाली घाला."

"घातलं."

"ती हरळी. तिचे तुकडे करू नका, जितके तुकडे तितक्या हरळ्या होतात."

"आमच्या कचेरीत अर्जांचं असंच व्हायचं."

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काकू, काकांकडून सत्यनारायण करून घेताय का?"

एकदा मात्र माझा बांबू जरा जास्त गेला आणि एक कोंब गड्ड्याच्या तुकड्यासकट बाहेर आला. आजोबांनी तो उचलला. "हे तण होतं का?"

"असतं एक हळदीसारखं दिसणारं तण," मी म्हणाले.

त्यांनी तो नाकाशी नेला. "वासही तसाच असतो वाटतं." आणि खिशात ठेवला. त्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला अजून पिवळा डाग आहे. धुताना मी तो फार घासत नाही.

भाद्रपदात फावड्याचं नशीब उघडलं. हळदीच्या बुडाशी मातीची भर द्यायची असते, आणि मोकळी माती ओढायला फावड्यासारखं दुसरं काही नाही. आजोबांनी इतक्या अभिमानानं भर दिली की मला थांबवावं लागलं, नाहीतर नुसती पानांची टोकं वर राहिली असती. सायकल कोळपं आता जिन्याखाली आहे. त्यावर टॉवेल वाळतात.

पौषात पानं वाळली, पाणी तोडलं. काढताना पुन्हा कुदळ, पण रोपापासून वीतभर लांब घालायची, तिरकी, आणि नुसतं उचकटायचं. गड्डा हातानंच काढायचा. कुदळ अंगावर गेली की हळदीची बोटं तुटतात. पहिला गड्डा वर आला तेव्हा आजोबांनी माती झाडली, नखानं जरा खरवडलं आणि माझ्यापुढे धरला. आत असा रंग होता की त्या अल्बमकडे आता मी बिनधास्त बघू शकेन. तीन सऱ्या काढल्या, मोठ्या पातेल्यात उकडल्या, गच्चीवर वाळत घातल्यात. आजोबा खुर्ची टाकून राखण करतात. पाखरं हळद खात नाहीत हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तेवढंच त्यांना ऊन मिळतं.

ती तीन सऱ्यांची हळद लग्नघरातल्या सगळ्यांना पुरेल. चौथी सरी मी मातीतच ठेवली आहे. माहेरी विहिरीच्या कडेच्या ओळीतली हळद ज्या मुलीचं लग्न असेल तीच काढायची. तुझ्या अंगाला लागेल ती तू काढ.

आणि आता तुझ्या फोटोचं. ते कुंडीतलं खुरपं आहे. चपट्या बाजूनं तण खरवडायचं, दात्यांनी माती मोकळी करायची. जमिनीवर त्याचं काही चालणार नाही, पण हळदीच्या बोटांमधली माती काढायला ते तीन दाते बरे पडतील असं मला वाटतंय. घेऊन ये. मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. माती वाळत चालली आहे, आणि एकदा घट्ट झाली की जोर लावून खणावं लागेल. काल मी आजोबांना चौथ्या सरीपाशी उभं पाहिलं. हातात फावडं होतं. मी आहे तोवर थोपवून धरते, पण तू येत्या रविवारीच ये.