वेताची खुर्ची

लग्नानंतर आम्ही देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये भाड्याने राहत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा बँकेत कारकून, मी नुकतीच शिक्षिका झालेली. बंगल्याच्या पुढच्या बाजूला साहेबांच्या काळातला काचेचा व्हरांडा होता. बांबूच्या हिरव्या चिकांचे पडदे, कुंड्यांतले नेचे, वेताच्या लांब हातांच्या आरामखुर्च्या. घरमालकीणबाई दुपारचा चहा तिथेच घेत.

मला सातवा महिना होता तेव्हा एकदा बाईंनी बोलावलं. पाहुणे येणार होते आणि पुरणपोळ्या माझ्या हातच्या हव्या होत्या. सकाळपासून मी चुलीपुढे उभी. शेवटी पोळ्यांचं ताट व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या खुर्चीत मी टेकले.

"अगं, ऊठ ऊठ! त्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत. घामाचे डाग पडतात वेतावर."

पाहुणे बघत होते. मी उठले. बाईंनी माळ्याला हाक मारून माझ्यादेखत ती खुर्ची ओल्या फडक्याने पुसून घेतली. महिनाभरात आम्ही ती जागा सोडली. नवरा विसरला. मी विसरले नाही.

ऐंशीनंतर शहरात, द्वारका चौकाच्या पुढे नव्या कॉलनीत आमचं स्वतःचं घर झालं. पश्चिमेला एक उघडा ओटा होता. त्याला मी काचा लावून घेतल्या. लाकूडकाम बाटलीच्या हिरव्या रंगाचं, भिंती पांढऱ्याशुभ्र. बुरुडाला घरी बोलावून माझ्यासमोर चिका विणून घेतल्या. भांडीबाजारातून पितळी घंगाळ आणून त्यात पाम लावला. खुर्च्यांचा नमुना मी कागदावर काढून दिला होता, आठवणीतून. एक कांबही चुकली नाही.

"इथं काय गोऱ्या साहेबाला बोलवायचंय?" नवरा हसत म्हणाला.

"नाही. बाईंना."

त्याचं हसू थांबलं.

संधी आपणहून चालत आली. बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं आणि रविवारी पत्रिका द्यायला येते, असा निरोप त्यांनी बँकेत नवऱ्याकडे दिला. मी लगेच शेजारच्या दोन जोडप्यांना त्याच वेळेला चहाला बोलावलं. एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली.

बाई आल्या. थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. दारातच थबकल्या. "अय्या! अगदी माझा व्हरांडा गं!" म्हणत त्या खुर्चीत बसल्या, डोकं मागे टेकलं.

"उठा बाई," मी म्हणाले. "त्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत."

त्यांना थट्टा वाटली. "अगं, मग मी पाहुणीच की!"

"पाहुणे हे बसलेत. तुम्ही पत्रिका द्यायला आलात. आणि घामाचे डाग पडतात वेतावर."

त्यांना हळूहळू सगळं आठवलं, ते चेहऱ्यावर दिसलं. त्या हातांवर भार देऊन उठल्या. मी फडकं तयारच ठेवलं होतं. ओलं करून, पिळून. त्यांच्यादेखत मी खुर्ची पुसली, सावकाश, पाठीपासून पायांपर्यंत. कुणी कप उचलला नाही.

"इतकी वर्षं धरून बसलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

पत्रिका टीपॉयवर ठेवून त्या गेल्या. शेजारीण म्हणाली, "वहिनी, वयाचा तरी मान ठेवायचा." मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हतात." ती पुन्हा चहाला आली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

लग्नाला नवरा एकटाच गेला. येताना त्याच्या हातात मोतीचुराच्या लाडवांचा पुडा होता, बाईंनी खास माझ्यासाठी दिलेला. तो टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी विरघळेन, असं त्याला वाटलं असावं.

मी पुडा सोडला. दोन लाडू खाल्ले. तुपातले होते, छान होते. राग होता तिथेच राहिला.